दानाचा खेळ आणि बिनपगारी हात



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर असंघटित कामगारांचे खटले लढवले. त्यांतले कितीतरी खटले अशा मालकांविरुद्ध होते, ज्यांना आपण मालक आहोत हेच मान्य नव्हते. कोणी म्हणे आम्ही आश्रम चालवतो, कोणी म्हणे आम्ही समाजकार्य करतो. इथे पगाराची भाषा कशाला? म्हणून आजचा विषय लांबच्या मुलखातला असला तरी तो याच व्यासपीठावरचा आहे, असे मला वाटते. अमेरिकेत धर्मादाय कामासाठी पैसा उभा करायला बिंगो आणि रॅफल हे खेळ कायद्याने चालतात. त्या खेळांत राबणाऱ्या माणसांना मोबदला द्यावा का, किती द्यावा, कोणत्या पैशातून द्यावा, यावर तिथल्या राज्यांनी गेल्या सत्तर वर्षांत जे नियम केले आणि त्या नियमांमुळे जे घडले, त्याबद्दल मी बोलणार आहे.

बिंगो म्हणजे आपली हाउजी, तांबोला. आपल्याकडे नव्वद आकडे आणि तिकिटावर पंधरा, तर तिकडे पंचाहत्तर आकडे आणि पाच गुणिले पाचचा चौकोन, एवढाच फरक. रॅफल म्हणजे सोडत. गणेशोत्सवात मंडळे लकी ड्रॉची तिकिटे खपवतात, तशी. कामाच्या दृष्टीने मात्र दोन्ही खेळ वेगळे आहेत आणि कायद्यानेही त्यांना वेगळे वागवले आहे. त्याकडे पुढे येते.

आधी न्यूयॉर्क राज्याची राज्यघटना पाहा. तिच्या पहिल्या प्रकरणात नागरिकांचे हक्क आहेत. त्यातल्या नवव्या कलमात शांततेने सभा भरवण्याचा आणि सरकारकडे दाद मागण्याचा हक्क आहे, आणि त्याच कलमात पुढे बिंगोही आहे. १९५७ साली मतदारांनी कौल दिल्यावर तो तिथे आला. बक्षिसांची कमाल रक्कम ठरवून दिली, एका डावाला २५० डॉलर. खेळ संस्थेच्या खऱ्या सभासदांनीच चालवावा असे सांगितले. आणि एक अट घातली: खेळाच्या व्यवस्थापनात किंवा संचालनात भाग घेतल्याबद्दल कोणालाही कसलाही मोबदला मिळणार नाही. किमान वेतनाचा नव्हे, तर शून्य वेतनाचा नियम, आणि तोही थेट राज्यघटनेत. जगात अशी दुसरी उदाहरणे फारशी नसतील.

हा नियम कुठून आला, हे समजून घ्यायला हवे. तो करणारी माणसे दुष्ट नव्हती. १९२९ च्या सुमाराला एडविन लो नावाच्या खेळणी विकणाऱ्याने जॉर्जियातल्या एका जत्रेत कार्डावर घेवड्याचे दाणे ठेवून खेळायचा डाव पाहिला आणि तो बाजारात आणला, अशी बिंगोची कथा सांगतात. महामंदी आली. चर्चची दानपेटी रिकामी, आणि शाळा नि अन्नछत्रे चालवायची तर होतीच. पेनसिल्व्हेनियातल्या एका पाद्र्याने हा खेळ चर्चच्या मदतीसाठी वापरला आणि बघता बघता तो गावोगावच्या चर्चच्या तळघरांत जाऊन बसला. तेव्हा बहुतेक राज्यांत जुगार बेकायदा होता. पोलीस कधी डोळेझाक करत, कधी धाड घालत. शेवटी न्यू जर्सीने १९५३ मध्ये, न्यूयॉर्कने १९५७ मध्ये, कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये आणि टेक्सासने १९८० मध्ये मतदारांना विचारून त्याला परवानगी दिली. परवानगी देताना सगळ्यांच्या मनात एकच भीती होती: दानाच्या नावाखाली धंदेवाईक जुगारी आत शिरतील, संस्थेचे नाव पुढे करतील आणि पगाराच्या वाटेने पैसा काढून नेतील. पगारच बंद केला की ती वाट बंद, असा विचार त्यामागे होता. भीती खरी होती, उपाय मात्र चुकला.

उपाय का चुकला, हे कळायला त्या हॉलमध्ये काम काय असते ते पाहू. दार उघडण्याआधी टेबले लागतात. दाराशी कॅशियर कार्डांचे संच विकतो. पुकारणारा यंत्रातून उडून वर आलेला चेंडू आधी कॅमेऱ्याला दाखवतो, मग आकडा पुकारतो, मग फलकावर दिवा लावतो. हा क्रम एकदा जरी चुकला तरी भांडण. मधल्या ओळींतून फिरणारी माणसे कमरेच्या कापडी पिशवीतून पुल-टॅबची तिकिटे विकत असतात. ही तिकिटे फाडून उघडली की लगेच निकाल कळतो. तेवढ्यात कोणी ‘बिंगो’ म्हणून ओरडले की खेळ थांबतो, फिरणारा धावत त्या टेबलापाशी जातो, कार्डाचा क्रमांक मोठ्याने वाचतो, ताडून झाले की नोटा मोजून हातात देतो. रात्री उशिरा शेवटचा डाव संपतो तेव्हा खेळणारे घरी जातात. यांना रोकड मोजायची असते, न विकलेल्या कार्डांचा हिशेब जुळवायचा असतो, सरकारी नमुना भरायचा असतो, खुर्च्या उचलायच्या असतात. हे आठवड्यातून एकदा असेल तर हौसेने होते. आठवड्यात पाच-सहा रात्री असेल तर ती नोकरी आहे, तिला कायदा काहीही म्हणो.

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचे ३२६.५ हे कलम या बाबतीत सगळ्यांत स्पष्ट. बिंगोतून नफा, मजुरी किंवा पगार घेणे आणि देणे हा गुन्हा आहे, आणि दंड दहा हजार डॉलरपर्यंत. खेळ चालवणारे सगळे स्वयंसेवक हवेत. अपवाद फक्त सुरक्षारक्षकांचा. त्यांना बिंगोच्या उत्पन्नातून पगार देता येतो. दाराशी उभा राहणाऱ्याचे श्रम मोलाचे, आणि आत रात्रभर पायपीट करणाऱ्याचे श्रम दानधर्म, अशी ही वाटणी.

या कायद्याखाली काय घडू शकते, ते हवाईयन गार्डन्स या गावाने दाखवले. नाव हवाईचे असले तरी हे लॉस एंजेलिस काउंटीतले जेमतेम एक चौरस मैलाचे शहर. वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. १९८८ मध्ये तिथला बिंगो हॉल आयर्व्हिंग मॉस्कोविट्झ या डॉक्टर आणि रुग्णालय व्यावसायिकाच्या प्रतिष्ठानाकडे आला. पुढे तो अमेरिकेतल्या मोठ्या बिंगो हॉलांपैकी एक ठरला. त्या पैशातून गावात अन्नवाटप चाले, शिष्यवृत्त्या दिल्या जात. आणि त्यातला मोठा भाग पूर्व जेरुसलेम आणि आसपासच्या ज्यू वसाहतींना मदत करणाऱ्या संस्थांकडे जाई. त्यावरून अमेरिकेत आणि इस्रायलमध्ये वर्षानुवर्षे वाद झाले, आणि त्या वादातच जगाचे लक्ष त्या हॉलकडे गेले. मला मात्र त्यातली दुसरी बातमी अधिक बोचली, जिच्यावर फार कोणी अग्रलेख लिहिले नाहीत. हॉलमध्ये राबणारी माणसे कागदोपत्री स्वयंसेवक होती आणि खेळणाऱ्यांनी हातावर ठेवलेली टिप हीच त्यांची मिळकत होती, असे अमेरिकी पत्रकारांनी लिहिले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. लाखो डॉलर हॉलमधून जातात. ते कुठे जावेत यावर जेरुसलेमपर्यंत चर्चा होते. आणि ते ज्यांच्या हातांतून जातात त्यांना संस्था एक पैसाही देत नाही. उलट, दिला तर तो गुन्हा ठरतो. कायद्याने इथे मालकाला गैरवर्तनाची परवानगी दिली असे म्हणूनही भागत नाही. सरळ वागू इच्छिणाऱ्या संस्थेलाही त्याने सरळ वागू दिले नाही. उद्या एखाद्या चर्चने ठरवले की आपल्या हॉलमध्ये रोज रात्री राबणाऱ्या बाईला तासाची मजुरी द्यायची, तर त्या चर्चलाच दंड भरावा लागेल.

टिपने पोट भरणाऱ्याची हमी काय? आज गर्दी, उद्या पाऊस. जिंकलेला खूश, हरलेला चिडलेला. टिप जिंकणाऱ्याकडून येते, म्हणून फिरणाऱ्याचे पाय नकळत मोठ्या खेळाडूंच्या टेबलांकडे वळतात. शिवाय टिप रोकड असते आणि तिची नोंद नसते. आजारपणाची रजा नाही, अपघाताची भरपाई नाही, निवृत्तीसाठी एक डॉलर जमा नाही. आणि ज्या भ्रष्टाचाराच्या भीतीने पगार बंद केला, तो भ्रष्टाचार बिननोंदीच्या रोकडीतच तर सगळ्यांत सुखाने राहतो.

पगाराची वाट अडवली म्हणून पैसा बाहेर जायचा थांबत नाही. तो भाड्याच्या वाटेने जातो, कार्डे आणि यंत्रे पुरवणाऱ्याच्या बिलातून जातो. संस्था गरीब, हॉल दुसऱ्याचा. हॉलमालकाने भाडे फुगवले की संस्थेचे नाव राहते आणि पैसा त्याचा होतो. न्यूयॉर्कलाही पुढे व्यापारी तत्त्वावर जागा देणाऱ्यांना परवान्याच्या कक्षेत आणावे लागले. कॅलिफोर्नियाने काही प्रकारच्या संस्थांसाठी भाडे आणि इतर खर्च मिळून मर्यादा घातली: बक्षिसे वजा करण्याआधीच्या उत्पन्नाच्या वीस टक्के किंवा महिन्याला दोन हजार डॉलर, यांतले जे कमी असेल ते. ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. पण क्रम पाहा. भाडे ठरावीक मर्यादेपर्यंत चालते, यंत्रांची खरेदी चालते, पहारा चालतो. फक्त पुकारणाऱ्याची आणि फिरणाऱ्याची मजुरी चालत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. माणसे स्वतःहून, आनंदाने फुकट राबत असतील तर तुम्ही कोण मध्ये पडणारे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८५ मध्ये हाच प्रश्न आला. टोनी आणि सुझन अलामो यांचे एक धार्मिक प्रतिष्ठान होते. त्याचे पेट्रोलपंप होते, कपड्यांची आणि किराण्याची दुकाने होती, डुकरे पाळण्याचा धंदाही होता. तिथे काम करणाऱ्यांना पगार नव्हता. जेवण, कपडे आणि राहायला जागा मिळे. ते बहुतेक जण व्यसनातून किंवा रस्त्यावरच्या आयुष्यातून तिथे आलेले. त्यांनी न्यायालयात स्वतःच सांगितले की आम्ही सेवा करतो, पगाराचा विचारही आम्हाला अपमानास्पद वाटतो. न्यायालयाने एकमताने त्यांना कामगार ठरवले. त्यामागचे कारण असे: संरक्षण नको म्हणण्याची मुभा दिली, तर वरचढ बाजूचा मालक प्रत्येक दुबळ्याकडून ते ‘नको’ वदवून घेईल आणि बाजारातली बाकीची मजुरीही खाली ओढेल.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८३ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात जवळजवळ हीच गोष्ट सांगितली होती. दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या मजुरांना, त्यांत अनुसूचित जातींतल्या बाया पुष्कळ, किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत होते. हे दुष्काळनिवारण आहे, नोकरी नव्हे, आणि १९६४ च्या कायद्याने अशी कामे कामगार कायद्यांतून वगळली आहेत, अशी सरकारची बाजू होती. न्यायमूर्ती भगवतींनी ती मान्य केली नाही. किमान वेतनापेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम ही राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमातली वेठच. मदतीचे काम म्हणून मजुरी कमी करता येत नाही, कारण त्या रस्त्याचा उपयोग होणारच आहे आणि तो त्या बायांच्या घामातून झाला आहे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे ज्या घरांत होती, त्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दोन देश, दोन न्यायालये, एकमेकांचा आधार न घेता दोन वर्षांच्या अंतराने एकाच जागी पोचली. पुण्याईच्या कामाला मजुरीतून सूट नाही.

मग मोबदला द्यायचा तर कसा? सगळे उघडे सोडा, असे मी म्हणत नाही. टेक्सासची पद्धत परिपूर्ण नाही, पण विचार करण्याजोगी आहे. तिथे पुकारणारा, कॅशियर, ओळींतून फिरणारा यांचा मोबदला हा खेळाचा रास्त खर्च मानला जातो. काम करणाऱ्याला आधी पार्श्वभूमी तपासून सरकारी नोंदवहीत नाव घालावे लागते आणि कामावर ओळखपत्र लावावे लागते. पैसे जातात ते बिंगोच्या वेगळ्या बँक खात्यातून, रोकड नव्हे. बंदीने ज्या माणसाला दिसेनासे केले होते, त्याला नोंदीने दिसते केले. चोर शोधायचा असेल तरी दिसणारा माणूस बरा, आणि हक्क द्यायचा असेल तरीही.

व्हर्जिनियाचा कायदा मधल्या वाटेवर आहे आणि तो वाचताना थांबावेसे वाटते. मूळ नियम बंदीचाच. मग अपवाद येतात. अंध किंवा बधिर व्यक्तींच्या संस्थांनी नेमलेल्या माणसांना एका कार्यक्रमाला तीस डॉलरपर्यंत देता येतात. ड्युटीवर नसलेल्या पोलिसाला बंदोबस्ताचे देता येतात. एकोणीस वर्षांखालच्या मुलांनी रॅफलची तिकिटे विकली तर त्यांना पैशाच्या रूपात नसलेले बक्षीस देता येते. प्रत्येक अपवादामागे कधीतरी कोणीतरी विधिमंडळात जाऊन आपली अडचण सांगितली असणार. ज्यांना तिथवर जाता आले त्यांचा अपवाद झाला. रोज रात्री खुर्च्या उचलणारे तिथवर कसे जाणार? तीस डॉलर ही रक्कमही तासांशी जोडलेली नाही. खेळ दोन तास चालो की सात, तीसच. मोबदल्याचे नियमन करायचे तर ते तासाने करा आणि त्या राज्याच्या किमान वेतनाखाली जाऊ देऊ नका. अमेरिकेचे संघीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवरच अडकले आहे. निदान तेवढे तरी.

एक गोष्ट मात्र पूर्ण बंद असायला हवी: टक्केवारी. विक्रीच्या प्रमाणात पैसे मिळणार असतील तर विकणारा हरणाऱ्याला आणखी एक पुल-टॅब घ्यायला लावणार, आणि खेळाच्या नादी लागलेल्या माणसाला तो थांबवणार नाही. देणग्या गोळा करण्याचा व्यवसाय करणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीच्या मोबदल्याला मनाई आहे. मजुरी कामाच्या वेळेला बांधलेली असावी, गल्ल्याला नव्हे. या एका नियमाने जुन्या भीतीचा मोठा भाग निकालात निघतो.

रॅफलचे गणित वेगळे. कॅलिफोर्नियात २००० साली मतदारांनी परवानगी दिल्यावर आलेल्या कायद्यानुसार तिकीटविक्रीतले किमान नव्वद टक्के धर्मादाय कामालाच जायला हवेत. दहा हजार डॉलरची तिकिटे खपली तर नऊ हजारांना हात लावायचा नाही. बक्षिसे देणगीतून मिळवा. मोबदल्यावर सरसकट बंदी नाही. मोबदला घेणारा संस्थेचाच कर्मचारी असावा आणि त्याचे पैसे त्या नव्वद टक्क्यांतून जाऊ नयेत, एवढेच. पैसा कुठून यायला नको ते ठरवले आणि माणसाला मोकळे ठेवले. एका राज्याच्या एकाच दंडसंहितेत शेजारी शेजारी दोन कलमे, आणि बिंगोच्या कलमापेक्षा हे कितीतरी न्याय्य. सोडतीचे काम तुलनेने थोड्या दिवसांचे असते म्हणून ते इथे जमते, हेही खरे.

करकायद्याचाही यात हात आहे. संस्थेने चालवलेल्या धंद्यातले जवळजवळ सगळे काम बिनमोबदला झाले असेल तर त्या उत्पन्नावर कर नाही, असे अमेरिकेचा संघीय करकायदा सांगतो. पारंपरिक बिंगोला १९७८ पासून स्वतंत्र सूट आहे. पुल-टॅबसारख्या खेळांना ती तशी लागू पडत नाही. म्हणजे पगार दिला की कर लागू शकतो, फुकट राबवले की सूट. स्वयंसेवकांनी घेतलेली टिप हाही मोबदलाच, असे करन्यायालयाने १९९५ मध्ये एका जुगारी खेळांच्या प्रकरणात धरले. करासाठी जो कामगार आहे तो किमान वेतनासाठी स्वयंसेवक कसा राहील, याचे उत्तर मला अजून कुठल्या निकालात सापडलेले नाही.

खरे स्वयंसेवक असतात, आणि त्यांचे मोल मला पूर्ण माहीत आहे. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये संस्थांना आळीपाळीने दोन दिवसांचा कॅसिनो मिळतो. सभासद रात्र जागून रोकड आणि चिप मोजायला बसतात, पत्ते वाटणारा मात्र कॅसिनोचा पगारी माणूस असतो. काम रोजचे ते पगारी, वर्षा-दोन वर्षांतून एकदाचे ते हौसेचे. रेषा तिथेच असावी. महिन्यात एखादी संध्याकाळ, संस्थेशी आधीपासून असलेले नाते, आणि न आल्यास काही बिघडणार नाही अशी मोकळीक, या तीन गोष्टी असतील तर त्या माणसाला स्वयंसेवक म्हणा. यांतली एक जरी नसेल तर त्याला मजुरी द्या.

हे सगळे आपल्याला कशाला, असे कोणी विचारेल. कॅलिफोर्नियात गणपती-दिवाळीला रॅफल काढणाऱ्या महाराष्ट्र मंडळांना ॲटर्नी जनरलकडे नोंदणी आणि नव्वद टक्क्यांचा नियम आजच लागू आहे. गोव्यात फेस्तांच्या दिवसांत आणि फुटबॉल क्लबांच्या निधीसाठी मैदानभर हाउजी रंगते. आपल्या गावोगावच्या मंडळांच्या सोडती आहेत, आणि कॉलेजातली मुले उन्हातान्हात दारोदार तिकिटे खपवत असतात. तुमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जाईल तेव्हा मंडप, ध्वनिक्षेपक, छपाई, रोषणाई यांच्या पावत्या असतील. तिकिटे विकणाऱ्यांपुढे काय लिहिले आहे तेवढे विचारा. काहीच लिहिलेले नसेल, तर ती मुले किती दिवस फिरली आणि त्यांना कोणी, कशातून, काय दिले, याचे उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.